घराण्याचा माग: मृत्युपत्र, करीना आणि हक्कसोडपत्र

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एक-दोघांनी विचारलं, कोल्हापुरात बसून स्कॉटलंडच्या व्यापारी घराण्याबद्दल बोलायचं कारण काय? विचारणं रास्त आहे. कारण असं की आम्ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचत होतो. एक एमा रॉथशिल्ड या इतिहासकार बाईंचे ‘द इनर लाइफ ऑफ एम्पायर्स’, २०११ साली प्रसिद्ध झालेले. दुसरे वासुदेवशास्त्री खरे यांचे ‘इचलकरंजी संस्थानचा इतिहास’, १९१३चे. दोन्हींच्या मधे जवळजवळ शंभर वर्षांचे अंतर. एकात डम्फ्रीसशायरमधले जॉन्स्टन कुटुंब, दुसऱ्यात इथून तासाभराच्या वाटेवरचे घोरपडे. दोन्ही अठराव्या शतकातली. आणि दोन्ही पुस्तके एकच काम करतात: एका घराण्याचा माग काढतात. काम एकच, पण हाती येणारी माणसे अगदी वेगळी. असे का, हा आजचा प्रश्न.

आधी जॉन्स्टन. वेस्टरहॉल नावाच्या गावचे हे घराणे. नाव मोठे, जमीन बेताची, कर्ज भरपूर. चौदा मुलांपैकी अकरा मोठी झाली: चार बहिणी आणि सात भाऊ. त्यातला पॅट्रिक कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला गेला आणि १७५६ साली तिथेच मेला. जॉन बंगालात गेला आणि अफाट पैसा करून परतला. अलेक्झांडरने वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटावर उसाचा मळा घेतला. गुलामांसकट, हे वेगळं सांगायला नको. जॉर्ज वेस्ट फ्लॉरिडाचा गव्हर्नर झाला. विल्यमने एका श्रीमंत घराण्यातली बायको केली, तिला १७६७ साली वारशाने इस्टेट मिळाली तेव्हा तिचे आडनाव घेतले आणि तो पल्टनी झाला. बहीण मार्गारेट राजाविरुद्धच्या बंडात पकडली गेली आणि एडिंबरोच्या किल्ल्यातून पळाली. एका आईची लेकरं, आणि पसरली कुठे कुठे!

रॉथशिल्डबाईंनी हे सगळे कशावरून काढले? पत्रांवरून, खटल्यांवरून, हिशेबांवरून आणि मृत्युपत्रांवरून. त्या काळच्या युरोपातल्या व्यापारी घराण्याचा माग काढायचा तर मृत्युपत्र म्हणजे पायऱ्या असलेली विहीर. मेलेला माणूस सांगून जातो: अमक्या भाचीला इतके पौंड, तमक्या नोकराला कपडे, अमक्याचे माझ्याकडे इतके देणे आहे. नाती, पैसा, राग-लोभ, सगळे एका कागदावर. मुंबईत १७२६च्या सनदेने मेयर कोर्ट आले. तेव्हापासून इथे मेलेल्या गोऱ्या व्यापाऱ्यांची मृत्युपत्रे कोर्टात दाखल होऊ लागली, त्यांच्या नकला लंडनला गेल्या आणि आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मुंबईची फोर्ब्स पेढी घ्या. १७६७ साली जॉन फोर्ब्सने सुरू केलेली, मूळ माणूस अ‍ॅबर्डीनशायरचा. पुढे पुतण्या चार्ल्सने ती वाढवली. टाउन हॉलमध्ये त्याचा पुतळा आहे. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या काळात मुंबई सरकारला कर्जाऊ पैसा पुरवणाऱ्या पेढ्यांत ही होती. म्हणजे ज्या घराण्यांचे कौटुंबिक कागद आपण ‘परक्यांचे’ म्हणून सोडून देतो, त्यांच्या तिजोरीचा आणि आपल्या पराभवाचा संबंध आहे. स्कॉटलंडचे मराठ्यांशी नाते तसे जुनेच म्हणा. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ हाही बॅन्फचा स्कॉट, आणि १८६७ साली नीळकंठराव कीर्तन्यांनी त्याच्या इतिहासावर टीका लिहिली, तिथून आपल्या भाषेत इतिहासाची चिकित्सा सुरू झाली.

आता एक बारीक गोष्ट सांगतो, कारण तिच्यावर पुढचे सगळे उभे आहे. स्कॉटलंडात १८६८ पर्यंत जमीन मृत्युपत्राने देताच येत नव्हती. जमीन थोरल्या मुलाकडे जायची, वारसाची चौकशी वेगळी व्हायची आणि तिची नोंद वेगळ्या वहीत व्हायची. मृत्युपत्र फक्त जंगम मालाचे: रोकड, भांडी, गुरे, येणे. त्यातही बायको-मुले असतील तर तीन वाटे. एक विधवेचा, एक मुलांचा, आणि उरलेला एक ‘मेलेल्याचा वाटा’. त्या तिसऱ्या वाट्यापुरतीच माणसाची मर्जी चालायची. पाहा, मिताक्षरेशी काय जवळचे नाते आहे! तिथेही बापाला सगळे आपल्या मनाने वाटता येत नव्हते. फरक इतकाच की तिथे जमीन एकाला आणि धाकटे भाऊ जहाजावर. आमच्याकडे मुलगा जन्माला आला की त्याचा वडिलार्जित मिळकतीत हिस्सा लागला. सगळे भाऊ घरात, आणि घर कोर्टात.

दुसरी बारीक गोष्ट. स्कॉटलंडच्या कागदपत्रांत लग्न झालेल्या बाईचे माहेरचे आडनाव सुटत नाही. कोर्टाच्या कागदावर आणि थडग्याच्या दगडावरसुद्धा ती माहेरच्या नावाने ओळखली जाते, पुढे ‘अमक्याची बायको’ असे लिहितात. त्यामुळे मुलीकडून मुलीकडे असा माग काढता येतो. आमच्याकडे लग्नात आडनाव तर जातेच, वर तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले की पाळण्यातले नावही गेले. माहेरच्या कागदात यमुना, सासरच्या कागदात लक्ष्मी. ही एकच बाई आहे हे दोनशे वर्षांनंतर कोण सांगणार?

तर मग आमच्याकडे मृत्युपत्राच्या जागी काय आहे? मृत्युपत्र हा आपल्या धर्मशास्त्रातला प्रकारच नाही. एकत्र कुटुंबात मेलेल्याचा हिस्सा उरलेल्यांत आपोआप मिसळतो, मग सांगून काय जायचे? मुंबईसारख्या शहरात कंपनीच्या कोर्टाच्या सावलीत हिंदू आणि पारशी व्यापारी मृत्युपत्रे करू लागले, १८७० साली हिंदूंच्या मृत्युपत्रांचा कायदा आला, पण तोही मुंबई शहरासारख्या ठरावीक भागापुरता. कोल्हापूर तर संस्थान. १९४९च्या मार्चात विलीन होईपर्यंत इथली दफ्तरे वेगळी, इथला न्याय वेगळा.

आमच्याकडे आहे तो करीना. ज्यांनी मोडी दफ्तर उघडून पाहिले आहे त्यांना हा कागद माहीत असतो. वतनाचा तंटा उभा राहिला की वादी आणि प्रतिवादी आपापली कथा लिहून देत. आमचा मूळ पुरुष अमका, त्याने अमक्या पातशाहीत गाव वसवले, त्याचे लेक तीन, थोरल्याचा वंश आम्ही, धाकट्याने दगा केला, दुष्काळात परागंदा झालो, परत आलो तो वतन दुसऱ्याने बळकावलेले. असा तो कागद. त्यावर गोतसभा बसायची, साक्षी व्हायच्या, प्रसंगी दिव्य करायला लावायचे, आणि मग महजर किंवा निवाडपत्र. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर १९५३ साली जे पुस्तक लिहिले ते अशाच कागदांवर उभे आहे.

करीना आणि मृत्युपत्र यांत मोठा फरक आहे. मृत्युपत्र मरणाऱ्याचे बोलणे आहे, करीना भांडणाऱ्याचे. मरणारा ज्याला द्यायचे त्याचे नाव घेतो. त्यामुळे मृत्युपत्रात मोलकरीण येते, दाई येते, बिनलग्नाचे मूलही येते. भांडणारा फक्त दाव्याला उपयोगी पडतील तेवढीच नावे घेतो. वडीलकी कुणाची, पहिले पान कुणाला, होळीची पोळी कुणाची, पोळ्याला कुणाचा बैल पुढे, एवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या भांडणे चालली. त्यात नावे पुरुषांचीच यायची, कारण मान पुरुषाचा होता. बाई आली तर दोनच जागी: विधवा होऊन दत्तक घेताना, नाहीतर तंट्यात अंगावर पोर घेऊन पळताना. हा आमच्या कागदाचा स्वभाव आहे. त्याला दोष देत नाही, पण तो ओळखून वाचला पाहिजे.

आता खरे शास्त्र्यांकडे वळू. गुहागरचा माणूस, जन्म १८५८चा, मिरजेला संस्कृतचे मास्तर. मिरजेच्या पटवर्धनांचे दफ्तर त्यांच्या हाती लागले आणि त्यांनी आयुष्य त्यात घातले. ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंडामागून खंड काढले. १९२४ साली गेले. शाळा सांभाळून, पदरमोड करून एका माणसाने हे केले. आजच्या अनुदानाच्या काळात हे आठवले की मान खाली जाते. तेव्हा पुढे जे बोलणार आहे ते त्यांच्या ऋणात राहूनच.

इचलकरंजीचा मूळ पुरुष नारो महादेव. आडनाव जोशी, गाव वेंगुर्ल्याकडचे म्हापण. लहानपणी घाट चढून आला आणि कापशीच्या घोरपड्यांच्या आश्रयाला राहिला. कापशी म्हणजे आपल्या कागल तालुक्यातली सेनापती कापशी. संताजी घोरपड्यांनी त्याला वाढवले, पुढे आणले, आणि त्या उपकाराची आठवण म्हणून या कोकणस्थ ब्राह्मणाने जोशी आडनाव सोडून घोरपडे लावले. आता गंमत पाहा. घोरपडे स्वतः सांगतात की आम्ही मूळचे भोसले, घोरपडीच्या साहाय्याने किल्ला चढलो म्हणून हे नाव. आणि भोसले आपले मूळ उदेपूरच्या सिसोदियांत सांगतात. म्हणजे म्हापणचा जोशी, व्हाया कापशी, थेट मेवाडपर्यंत! (हशा) आडनाव धरून माग काढणाऱ्याने इथे काय करावे? तिकडे विल्यम जॉन्स्टन पल्टनी झाला तो इस्टेटीसाठी. इकडे जोशी घोरपडे झाला तो अन्नाला जागून. दोन्हीकडे आडनाव रक्ताची साक्ष देत नाही, व्यवहाराची देते. एकात पैशाचा, एकात निष्ठेचा. खऱ्यांनी ही गोष्ट लपवली नाही हे महत्त्वाचे. घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्याला मूळ पुरुष दैवी, नाहीतर निदान राजपूत करण्याचा मोह फार होतो. इथे मूळ पुरुष आश्रित पोर आहे, आणि तो तसाच ठेवला आहे.

नारो महादेवाचा मुलगा व्यंकटराव. त्याला बाळाजी विश्वनाथ पेशव्यांनी आपली मुलगी अनूबाई दिली. पहिल्या बाजीरावाची ही बहीण. दुसरी बहीण भिऊबाई, ती बारामतीच्या नाईक-जोश्यांकडे दिली. ते नाईक म्हणजे सावकार, पेशव्यांना कर्ज देणारे. याच घरातले बाबूजी नाईक १७४० साली बाजीराव गेल्यावर नानासाहेबाच्या विरोधात पेशवाईच्या शर्यतीत उतरले होते, मागे रघूजी भोसले. सावकार आणि सोयरा एकाच घरात असला की काय होते ते बघा. याच नाईकांच्या आश्रयाला पुढे मोरोपंत राहिले, आणि मोरोपंतांचा जन्म आपल्या पन्हाळ्याचा, १७२९चा. म्हणजे पेशव्यांच्या दोन मुलींची लग्ने पाहिली तरी मराठी राज्याचे पैशाचे आणि तलवारीचे जाळे दिसू लागते. एक मुलगी सावकाराकडे, एक सरदाराकडे. रॉथशिल्डबाई असत्या तर त्यांनी पुस्तक इथूनच सुरू केले असते.

खऱ्यांनी ते तिथून सुरू केले नाही. आमचा मुख्य आक्षेप हा आहे. अनूबाई त्यांच्या पुस्तकात आहे, चांगली ठसठशीत आहे. नवऱ्यामागे तिने कारभार हाती घेतला, मुलगा कर्ता होऊनही सोडला नाही, कर्नाटकच्या मोहिमांत ती होती, कोल्हापूरकरांशी तिचे वैर होते आणि माहेरच्या पेशव्यांचे वजन ती पुरेपूर वापरत होती. पण ती तिथे आहे ती ‘संस्थानाची कारभारीण’ म्हणून. इतिहास संस्थानाचा आहे, त्यामुळे संस्थान वाढले की प्रकरण वाढते, संस्थान स्वस्थ बसले की लेखणीही स्वस्थ. बहिणी-बहिणींत काय पत्रव्यवहार होता, घर चालवायला किती माणसे होती, कर्ज कोणत्या सावकाराचे, दुष्काळात काय खाल्ले, कोण आजारी पडले, हे सगळे त्या काळच्या दफ्तरात असते. त्याला घरखर्चाचे कागद म्हणून बाजूला ठेवायची आपली जुनी खोड. खऱ्यांची निवड राजकारणाची होती. त्या पिढीला मराठ्यांनाही राज्य चालवता येत होते हे इंग्रजाला दाखवायचे होते, तेव्हा निवड तशी झाली. समजून घेता येते. पण शंभर वर्षांनंतरही आपण तीच निवड पुढे चालवतो त्याचे काय?

दुसरा आक्षेप सौम्य आहे. संस्थानिक गादीवर असताना संस्थानाचा इतिहास लिहिणे म्हणजे यजमानाच्या पानावर बसून स्वयंपाकाची चिकित्सा करणे. नारायणराव बाबासाहेब घोरपडे विद्येचे खरे आश्रयदाते होते, कितीतरी विद्यार्थ्यांना त्यांनी हात दिला. ते स्वतः दत्तक होते. एकोणिसाव्या शतकात या घराण्यात दत्तकावर दत्तक झाले आणि प्रत्येक वेळी इंग्रज सरकारच्या मंजुरीचा प्रश्न आला. म्हणजे रक्ताने पाहिले तर म्हापणच्या नारो महादेवाचा वंश केव्हाच वेगळ्या वाटेला लागला, आणि घराणे मात्र अखंड. घराणे म्हणजे रक्त नव्हे, गादी आणि दफ्तर, हे या पुस्तकातून आपोआप सिद्ध होते. लेखकाने ते स्पष्ट शब्दांत म्हटले असते तर मराठीत वंश या कल्पनेवरचे पहिले मोठे टीकापुस्तक झाले असते.

कोल्हापुरात बोलतोय आणि ताराबाईंचे नाव न घेता पुढे जावे, हे होणार नाही. माग काढण्याच्या या खेळातला सगळ्यात अवघड कागद त्यांचा आहे, आणि तो कागद नाहीच, तोंडचा शब्द आहे. शाहू महाराजांना मूल नव्हते. १५ डिसेंबर १७४९ला ते साताऱ्यात गेले. त्याआधी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या दोन याद्या पेशव्यांकडे होत्या: कारभार पेशव्यांनी करावा आणि कोल्हापूरच्या संभाजीला गादीवर आणू नये, असा त्यांचा आशय. आमच्या इतिहासात मृत्युपत्राच्या जवळ जाणारा कागद शोधायचा तर हा. आणि गादी कुणाला? ताराबाई म्हणाल्या, माझा नातू आहे, लपवून वाढवला आहे. तोच रामराजा. १७५० साली तो छत्रपती झाला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ताराबाईंनी त्याला किल्ल्यात कैद करून सांगितले की हा माझा नातू नव्हेच, तोतया आहे. १७५२ साली जेजुरीला खंडोबासमोर तशी शपथही घेतली.

आता तुम्ही इतिहासकार म्हणून बसा. एकाच बाईच्या दोन साक्षी, एकमेकींच्या उलट. वंशावळीतला एक जोड पूर्णपणे एका आजीच्या शब्दावर टांगलेला. बहुतेक लेखक इथे ताराबाईंच्या स्वभावाकडे वळतात: महत्त्वाकांक्षी, हट्टी, कारस्थानी. आम्हाला हे पटत नाही. मुलगा पन्हाळ्याला कैदेत मेलेला, सून कैदेत, तिथे मूल झाले की नाही याचा कुठलाही सरकारी कागद कोणी करून ठेवणार नव्हते. पुरुषांचा वंश पुरुषांनी लिहायचा, पण तो खरा की खोटा हे सांगायचा अधिकार अडचणीच्या वेळी बाईकडेच येतो, कारण बाळंतिणीच्या खोलीत तीच असते. तेवढाच अधिकार हाती असलेल्या बाईने तो राजकारणात वापरला, यात नवल काय? दोन शपथांपैकी खरी कोणती हे कागदावरून ठरत नाही. आणि रामराजा तर १७७७ पर्यंत छत्रपती राहिला. घराण्याला खरेखोटे चालले, रिकामी गादी चालली नाही.

कुलवृत्तांतांबद्दल थोडक्यात. विसाव्या शतकात चित्पावनांनी आणि मग इतरांनीही आपापल्या आडनावांचे कुलवृत्तांत काढले. तुमच्यापैकी कित्येकांच्या कपाटात असेल. गोत्र, प्रवर, कुलस्वामी, मूळ गाव, मग शाखा आणि प्रत्येक पुरुषाला क्रमांक. पत्नीचे माहेर आणि मुली कुठे दिल्या हे बहुतेक ठिकाणी दिलेले असते, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवे. पण मुलीला क्रमांक नसतो. तिचे वाक्य संपले की ती संपली. झाडावर तर ती नसतेच. शिवाय माहिती पत्रके पाठवून मिळवलेली. ज्याने पत्रक भरले तो वंशात, ज्याने नाही भरले तो ‘माहिती उपलब्ध नाही’. घरातून बाहेर पडलेला, दुसऱ्या जातीत लग्न केलेला, कर्जबाजारी होऊन गाव सोडलेला, असा माणूस पत्रक कशाला भरेल? आणि भावाने त्याचे नाव कशाला घालावे? कुलवृत्तांत हे घराण्याचे छायाचित्र आहे, नीटनेटके कपडे करून काढलेले. त्यापेक्षा नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या जास्त मोकळ्या. तिथे यात्रेला आलेला जो कोणी तो नाव सांगतो आणि जातो.

आता पुन्हा स्कॉटलंडला जाऊ, कारण रॉथशिल्डबाईंच्या पुस्तकातली सगळ्यात मोलाची पाने अजून राहिली आहेत. जॉन जॉन्स्टन बंगालमधून परतला तेव्हा त्याच्याबरोबर एक मुलगी आली. कागदात तिचे नाव बेल, किंवा बेलिंडा. मूळ नाव काय, कोणालाच माहीत नाही. १७७१ साली स्कॉटलंडमधल्या फाइफ परगण्यात नदीत एक अर्भक सापडले आणि खुनाचा आळ तिच्यावर आला. पर्थच्या कोर्टात तिच्या नावाने अर्ज झाला की मी जन्माची गुलाम आहे, मला देशाबाहेर पाठवा. फाशी टळली. तिला अमेरिकेत व्हर्जिनियाला पाठवून विकायचे ठरले. १७७२ साली ती तिथे पोचली आणि तिथे माग संपतो. ब्रिटिश बेटांवरच्या कोर्टाने गुलाम ठरवलेली ती शेवटची व्यक्ती, असे रॉथशिल्डबाईंचे म्हणणे आहे. पुढे सहाच वर्षांनी, १७७८ साली, जोसेफ नाइटच्या खटल्यात स्कॉटलंडच्या कोर्टाने गुलामगिरी आमच्या कायद्यात बसत नाही असा निवाडा दिला, आणि त्या खटल्यातला मालक वेडरबर्न हा मार्गारेट जॉन्स्टनचा जावई! एका घराण्यात दोन्ही टोके.

पुस्तकाचे मोठेपण हे की बेल आली तेव्हा लेखिका थांबते. बंगालची दौलत, पार्लमेंटातली भाषणे, सगळे बाजूला ठेवून ती या एका मुलीचा कागद कागदाला जोडत जाते. पुस्तकाची मर्यादाही इथेच आहे, आणि ती आम्ही बोलून दाखवणार. बेलच्या नावाचा अर्ज वकिलांच्या भाषेत आहे. बंगालात ती कोणाची कोण होती, तिथे कोणी तिची वाट पाहत होते का, याला पुस्तकात जागा नाही, कारण तो माग बंगाली गावात जातो आणि तिथे मृत्युपत्रे नाहीत. ‘आतले जीवन’ असे पुस्तकाचे नाव. ते आतले जीवन ज्यांना पत्र लिहिता येत होते त्यांचे. बेल दारात येऊन उभी राहते, तिचे आत काय चालले होते ते कळत नाही.

आणि आमच्या दफ्तरांत बेल नाहीत असे कोणी समजू नये. कुणबिणी आणि बटकी पेशवाईच्या कागदांत जागोजागी आहेत. बदकर्माच्या आळाखाली पकडून सरकारजमा केलेल्या बायका, किल्ल्यावर कामाला लावलेल्या, कोणाला बक्षीस दिलेल्या, किंमत लावून विकलेल्या. वाड्यात जन्मलेल्या त्यांच्या पोरांना लेकावळे म्हणत. ती घराण्यात होती आणि वंशावळीत नव्हती. त्यांची नावे हिशेबाच्या कागदात आहेत, धान्य किती दिले, लुगडे किती, एवढ्याच नोंदीत. म्हणून घरखर्चाचे कागद बाजूला ठेवायची खोड मघाशी आम्ही दोष म्हणून सांगितली. राजकारणाच्या पत्रात अनूबाई सापडेल, पण तिच्या वाड्यात दळणारी कोण होती ते धान्याच्या यादीतच सापडेल.

हा सगळा जुन्या काळचा मामला वाटत असेल तर आजचे पाहा. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधायला राज्यभर मोडी दफ्तरे उघडली. कोल्हापूर जिल्ह्यातही खापरपणजोबाची नोंद शोधत माणसे तहसीलला हेलपाटे घालू लागली. गाव नमुना १४, म्हणजे ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते जन्म-मृत्यूचे रजिस्टर, एरवी कोणी पाहत नव्हते. त्यात जातीच्या रकान्यातला एक शब्द म्हणजे नातवाची फी आणि नोकरी, अशी किंमत त्याला आली. मोडी वाचणाऱ्यांना एकदम मान आला, तोही चांगलाच. आरक्षणाच्या वादात इथे शिरायचे नाही. पण लक्षात घ्या, वंशावळ लिहिताना माणूस पुन्हा करीना लिहितो आहे. दाव्याला लागेल तेवढाच वंश. बापाचा बाप, त्याचा बाप. आईकडची बाजू अर्जातच नाही, तर शोधणार कोण?

आणि बहिणींचे? १९३७ साली विधवेला मर्यादित हक्क आला, १९५६ला वारसा कायदा आला, महाराष्ट्राने १९९४ साली आणि मग केंद्राने २००५ साली मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा दिला. कायद्याने क्रमांक मिळाला. मग काय झाले ते दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेरच्या बाकावर अर्धा दिवस बसलात तर दिसेल. बाप गेला की वारस नोंद होते, फेरफार निघतो, सातबाऱ्यावर बहिणींची नावे चढतात, किंवा कित्येकदा ‘इतर हक्कात’ जाऊन बसतात. वर्षभरात सगळ्या बहिणींना एका गाडीतून आणतात, वाटेत जेवू घालतात, साडी देतात, आणि हक्कसोडपत्रावर अंगठे-सह्या होतात. उसाची जमीन भावाकडे राहते. बहिणी म्हणतात, माहेर तुटायला नको. खरेही असेल.

पण कागद म्हणून त्या हक्कसोडपत्राकडे बघा. चार बहिणी, प्रत्येकीचे सासरचे पूर्ण नाव, वय, राहणार कुठे, आणि पुढे ‘माहेरचे नाव’ असे लिहून माहेरचे पूर्ण नाव. यमुना आणि लक्ष्मी ही एकच बाई, असे शपथेवर सांगणारा आपल्याकडचा हा जवळजवळ एकमेव कागद. करीन्यात ती नाही, वंशवृक्षात ती नाही, कुलवृत्तांतात एका वाक्यापुरती आहे. इथे ती पुरी आहे, दोन्ही नावांनी, फोटो आणि अंगठ्यासकट, आणि ज्या ओळीत आहे त्याच ओळीत वाटा सोडते आहे.

तेव्हा तुमच्या घरातला असा कागद सापडला तर लॅमिनेट करू नका, शाई उडते आणि कागद कुजतो. साध्या सुती कापडात गुंडाळून ठेवा. मोडीतले जुने असेल तर फोडून वाचायचा प्रयत्न करू नका, घड्या आधी ओलाव्यात सैल कराव्या लागतात आणि ते काम जाणकाराचे आहे. कोल्हापूरच्या पुरालेखागारात विचारा. आणि मागच्या रांगेतून मघापासून एक चिठ्ठी फिरते आहे, तीत विचारले आहे की आजीचे माहेरचे नाव कोणालाच आठवत नाही तर सुरुवात कुठून करावी. तिच्या भावाच्या सातबाऱ्यापासून करा. तो गाव तरी आठवत असेल.